स्की पहिल्यांदा शिकायचं तर कोलोरॅडो की घराजवळची टेकडी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याहून मिनियापोलिसला येऊन दोन हिवाळे झाले. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी आठची. मुलाची शाळा जानेवारीच्या शेवटी जवळच्या टेकडीवर स्कीइंगला नेणार आहे आणि त्यावरून घरात विषय निघालाय. मिस्टरांचं म्हणणं, इथल्या टेकड्या म्हणजे कडक बर्फाचे ढिगारे. त्यापेक्षा मार्चच्या सुट्टीत पाच दिवस कोलोरॅडोला जाऊ आणि सगळे तिथेच शिकू. तुम्हाला तो खर्च पटत नाही, शिवाय वय एक्केचाळीस आणि गुडघ्याची भीती. मुलाला स्नोबोर्ड हवाय, आणि मुलीला दादा करेल तेच.

मी ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलच्या, दक्षिणेला एका लहान टेकडीवर गेले चौदा हिवाळे शिकवतोय. शनिवार-रविवार आणि आठवड्यातली एक संध्याकाळ. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे. मूळचा साताऱ्याचा, स्वतः एकतिसाव्या वर्षी शिकलो. मोठ्या माणसांचे पहिले धडे हे तिथलं माझं मुख्य काम, आणि त्यात भारतातून आलेली कुटुंबं बरीच असतात. तुमच्यासारखाच प्रश्न दर डिसेंबरात कोणीतरी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही जागेबद्दल विचारताय, पण मला यातला कळीचा मुद्दा दिवसांचा वाटतो. पहिल्या हिवाळ्यात तुम्ही चौघं किती वेळा स्कीवर उभे राहणार आणि दोन वेळांमध्ये किती दिवस जाणार, यावर जवळजवळ सगळं ठरतं. पोहायला शिकायचं म्हणून कोणी पाच दिवस थेट समुद्रावर जाऊन राहत नाही. पुण्यात टिळक टँकवर महिनाभर रोज सकाळी तासभर जातो आणि मग एके दिवशी पाणी अंगाला ओळखीचं वाटायला लागतं. इथेही शरीर तसंच शिकतं.

पाच दिवसांच्या सहलीचं काय होतं ते मी बऱ्याच कुटुंबांकडून ऐकलंय. कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिज रिसॉर्टचं उदाहरण घ्या. तिथला पायथाच ९,६०० फुटांवर आहे आणि आपलं मिनियापोलिस जेमतेम ८०० फुटांवर. त्यामुळे पहिला दिवस अनेकांचा डोकेदुखी आणि धाप यातच जातो. दुसरा आणि तिसरा दिवस मॅजिक कार्पेटवर, म्हणजे त्या सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं आणि शे-दोनशे फूट घसरत खाली यायचं. चौथ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की कालचं जमलेलंही जमत नाही. पाचव्या दिवशी कुठे वळण लागतं, आणि संध्याकाळचं विमान. पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्यातलं निम्मं विसरलेलं असतं. ब्रेकनरिजचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत ३,४०० फूट आहे, पण नवख्या माणसाला त्यातली तळाची एक पट्टीच वापरायला मिळते. तीच पट्टी तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे.

आता लहान टेकडीचा हिशेब. आमची खुर्च्यांची लिफ्ट वर जायला तीन-चार मिनिटं घेते. शिकाऊ माणूस थांबत-थांबत खाली यायला तेवढीच. मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी रांग जवळपास नसतेच. दोन तासांत सहज बारा ते पंधरा फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत पंधरा-वीस वळणं. म्हणजे एका संध्याकाळी दोनशेच्या वर वळणं झाली. आठवड्यातून एकदा अशा आठ संध्याकाळी मिळाल्या, तर हिवाळा संपेपर्यंत तुमचे पाय विचार न करता वळायला लागतात. टेकडी लहान आहे म्हणूनच हे शक्य होतं.

हे मी माझ्या टेकडीच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये. बर्न्सव्हिलला आय-३५ हायवेला लागून बक हिल आहे, गाडीतून दिसते. १९५४ साली सुरू झाली, उंची सुमारे ३१० फूट. पर्वती डोळ्यासमोर आणा म्हणजे अंदाज येईल. स्की शर्यतपटू लिंडसी व्हॉन या टेकडीवर लहानाची मोठी झाली. पुढे ती कोलोरॅडोला गेली, २०१० साली व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये डाउनहिलचं सुवर्ण जिंकली. पण तिचा पाया बक हिलवर, एरिक सायलर या मूळच्या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाच्या हाताखाली घातला गेला. सायलर १९६९ पासून तिथे शिकवत होते. त्यांची पद्धत ही की मुलांनी दोर धरून वर जायचं, खांबांमधून वळत खाली यायचं, लगेच पुन्हा दोर धरायचा, असं दिव्यांच्या उजेडात संध्याकाळभर. जागतिक स्पर्धांमध्ये स्लॅलम, म्हणजे अशीच खांबांमधून वळत जायची शर्यत, जिंकणारी क्रिस्टिना कोझनिकही याच टेकडीची. तुमच्या मुलांना ऑलिम्पिकला जायचं नाहीये हे खरं, पण शिकण्याचा नियम तोच आहे.

मिस्टरांच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. इथला बर्फ कडक असतो. का असतो ते समजून घेतलं तर कधी जायचं आणि कधी घरी बसायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल, म्हणून यावर जरा रेंगाळतो.

ट्विन सिटीजमध्ये अख्ख्या हिवाळ्यात साधारण ५० इंच बर्फ पडतो, तोही हप्त्या-हप्त्याने. ब्रेकनरिजला ३०० इंचांच्या वर. तेव्हा इथल्या टेकड्या यंत्राने बर्फ केल्याशिवाय चालूच शकत नाहीत. उतारावर कडेला मोठ्या पंख्यासारखी किंवा उंच खांबासारखी यंत्रं दिसतात, त्यांना आम्ही गन म्हणतो. त्यातून पाण्याचे बारीक थेंब आणि दाबाखालची हवा फवारली जाते. ती हवा बाहेर पडताना प्रसरण पावते आणि एकदम थंड होते, तिच्यात बर्फाचे सूक्ष्म कण तयार होतात आणि बाकीचे थेंब त्यांच्याभोवती गोठतात. शिवाय प्रत्येक थेंबातला थोडा भाग वाफ होऊन उडतो आणि उरलेला आणखी गार होतो. आपल्या माठातलं पाणी गार होतं तसंच. म्हणून हवा नुसती थंड असून भागत नाही, कोरडीही लागते. ओल्या फडक्याचा तापमापक साधारण २८ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे २ सेल्सिअसच्या खाली गेला की गन सुरू होतात. कोरड्या रात्री ३० अंशांवरही काम चालतं, दमट रात्री नाही.

हा बर्फ आभाळातून पडणाऱ्या बर्फासारखा सहा पाकळ्यांचा नसतो. हातात घेऊन पाहिलात तर बारीक रव्यासारखा लागतो. कण गोल असल्यामुळे एकमेकांना घट्ट चिकटून बसतात आणि थर जड होतो. त्याचा फायदा असा की तो टिकतो. २०२३-२४ चा हिवाळा ट्विन सिटीजमध्ये नोंदीतला सर्वांत उबदार होता, बाहेर अंगणात गवत दिसत होतं, तेव्हाही आम्ही पांढऱ्या पट्ट्यांवर शिकवत होतो. तोटा असा की दिवसा पारा ३८ अंश फॅरनहाइटवर गेला आणि रात्री पुन्हा उतरला, की वरचा वितळलेला थर काचेसारखा गोठतो. त्यावरून पाचशे मुलं घसरत गेली की उरलासुरला मऊ बर्फ कडेला जातो आणि मधोमध करडा, चकाकणारा पट्टा उघडा पडतो. तिथे स्की गेली की आवाजच बदलतो. रव्यावरची सर्र थांबते आणि पाटीवर नख ओढल्यासारखी खर्रर्र सुरू होते. शिकाऊ माणूस त्या आवाजालाच घाबरतो, अंग आखडतो आणि पडतो.

तेव्हा पहिल्या दोन-तीन वेळांसाठी वेळ निवडून जा. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे दोन-तीन दिवस सलग पारा २० ते २५ अंश फॅरनहाइटच्या आसपास राहिलाय, रात्री गन चालू होत्या, आणि तुम्ही रविवारी सकाळी टेकडी उघडता-उघडता पोचलात. रात्रभर ग्रूमिंगचं, म्हणजे बर्फ सारखा करायचं, यंत्र फिरून उतारावर कॉर्डरॉयच्या कापडासारख्या बारीक रेघा उमटलेल्या असतात, त्यावर स्की छान धरते. आठवड्यातली थंड संध्याकाळही चालेल. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे दुपारी बर्फ पाघळलाय आणि संध्याकाळी सातला पुन्हा गोठायला लागलाय. अशा दिवशी मी माझ्या नवख्या विद्यार्थ्यांना फोन करून पुढची तारीख घ्यायला सांगतो. तिकीट काढलंय म्हणून जाऊ नका.

कडक बर्फावर शिकलेल्यांची पुढे चांगली पकड बसते असं इथले जुने लोक म्हणतात, आणि माझाही अनुभव तोच आहे. मऊ बर्फ चूक पोटात घालतो, कडक बर्फ लगेच दाखवतो. पण हे वळणं जमायला लागल्यावरचं. पहिल्या दोन दिवसांत कडक बर्फाने माकडहाड दुखण्यापलीकडे काही मिळत नाही. आणखी एक, भाड्याच्या स्कीची धार बोथट असेल तर चांगला बर्फही कडक वाटतो. स्की हातात आली की अंगठ्याचं नख धारेवर हलकेच आडवं ओढून पाहा. नखाचा पांढरा भुसा निघाला तर धार ठीक. नुसतं गुळगुळीत सरकलं तर दुसरी जोडी मागा. हसून मागितली तर सहसा देतात.

आता स्की की बोर्ड. हे मुलांच्या वयावर आणि स्वभावावर बरंच अवलंबून आहे, म्हणून मी एकच उत्तर देणार नाही. बोर्डचा इतिहास या भागाला जवळचा आहे. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगनला शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकत्र जोडून मुलींसाठी उभं राहून घसरायचं खेळणं केलं, त्यातून स्नर्फर आणि पुढे स्नोबोर्ड आला. लहान टेकड्यांवर बोर्डची मुलं खूप असतात आणि तुमच्या मुलाला मित्रांमुळे ते हवं असणार. त्यात वाईट काही नाही.

फरक शिकण्याच्या चालीत आहे. स्कीवर पहिल्या दिवशी माणूस उभा राहतो, पिझ्झा करतो, म्हणजे पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून वेग कमी करतो, आणि संध्याकाळपर्यंत बनी हिलवरून, म्हणजे नवख्यांच्या सौम्य उतारावरून, आपला आपण खाली येतो. पुढे चांगलं यायला मात्र वर्षं लागतात. बोर्डवर पहिले दोन-तीन दिवस पडण्यातच जातात, कारण दोन्ही पाय एका फळीला बांधलेले आणि तोल गेला की सावरायला पाय मोकळा नाही. ते दिवस निभावले की प्रगती भराभर होते. पडताना माणूस हात पुढे टाकतो, त्यामुळे नवख्या बोर्डवाल्यांत मनगटाचं दुखणं सर्वांत जास्त. स्कीवाल्यांत गुडघा आणि अंगठा.

तुमच्या मुलीला या वर्षी स्कीच द्या. आठव्या वर्षी मुलं स्कीवर दोन तासांत हसायला लागतात, आणि पहिल्या दिवशी हसलेलं मूल दुसऱ्या दिवशी यायला तयार असतं. मुलाला बोर्ड हवाच असेल तर द्या, पण तीन अटींवर: मनगटाचे गार्ड घालायचे, आतून पॅड असलेली चड्डी घालायची, आणि तीन वेळा गेल्याशिवाय आवडलं की नाही हे बोलायचं नाही. शाळेच्या सहलीत एकाच दिवसात बोर्ड शिकायला गेला आणि मित्र वर गेलेले असताना हा तळाशी पडत राहिला, तर मन मोडेल. सहलीआधी सराव जमणार नसेल, तर त्या दिवसापुरती स्की घ्यायला सांगा. तुम्ही दोघांनी स्कीपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. चाळिशीनंतर बर्फावर मागे आपटणं दोन आठवडे अंगात राहतं.

बुटांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण बिघडलेल्या पहिल्या दिवसांपैकी अर्धे भाड्याच्या खोलीतच बिघडतात. गेल्या हिवाळ्यातलीच गोष्ट. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा माझ्या वर्गात आला, तासाभरात रडवेला. स्की वळतच नाही म्हणाला. मी त्याला बाकावर बसवून बूट उघडला. आत दोन जोड सुती मोजे, वरून थर्मल पँटचा काठ आत कोंबलेला, आणि बूट दीड माप मोठा. आईने थंडी लागू नये म्हणून मायेनेच केलं होतं. पण सुती मोजे घामाने भिजले होते, पाय बर्फासारखा झाला होता, आणि टाच बुटात दोन बोटं वर-खाली होत होती. पाय वळवला तरी बूट वळत नव्हता, मग स्की कुठून वळणार? बूट बदलून एक पातळ लोकरी मोजा घातला आणि तो दुपारी तीन वाजता चेअरलिफ्टवर होता.

म्हणून बूट घालताना एवढं पाहा. मोजा एकच, पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक, गुडघ्याखालपर्यंत येणारा. बुटात मोज्याशिवाय दुसरं काहीही जाता कामा नये. थर्मलचा काठ नडगीवर वर ओढून ठेवा. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, पाऊल मोजूनच द्यायला सांगा. बूट बंद करण्याआधी टाच दोन-तीनदा मागे आपटून बसवा, मग बकल लावा. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलकेच टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की मागे सरकला पाहिजे. घोट्याला आवळल्यासारखं वाटणारच, चप्पल-सँडलची सवय असलेल्या पायाला ते विचित्र वाटतं, पण चिमटा काढल्यासारखं दुखत असेल तर बदलून घ्या.

तिथे एक फॉर्म भरायचा असतो: वजन, उंची, वय आणि स्कीची जाण. त्यावरून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती जोर आला की सुटेल हे लावतात. वजन खरं लिहा. कमी लिहिलं तर स्की नको तिथे सुटते, जास्त लिहिलं तर पडल्यावर सुटत नाही. जाण या रकान्यात तुम्ही चौघंही पहिल्या प्रकारातच बसता.

आता तुमचा गुडघा. आधी कधी दुखापत झाली असेल, सूज येत असेल, किंवा जिना उतरताना दगा देत असेल, तर डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारल्याशिवाय येऊ नका. नुसती भीती असेल तर ऐका. बाइंडिंगमुळे नडगीचं हाड मोडण्याचं प्रमाण पूर्वीपेक्षा खूप कमी झालंय, पण गुडघ्याच्या आत हाडांना जोडणारा जो लिगामेंट असतो, ज्याला एसीएल म्हणतात, त्याला बाइंडिंगचं तेवढं संरक्षण मिळत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं, आणि ते करता येतं.

आपल्याकडे डोंगर चढलेल्या माणसांची एक सवय इथे आड येते. घसाऱ्यावरून उतरताना आपण काय करतो? अंग मागे टाकतो, टाच रोवतो, हात मागे टेकायच्या तयारीत ठेवतो. सह्याद्रीत तेच बरोबर. मी स्वतः पहिला अख्खा हिवाळा स्कीवर घसारा उतरत होतो. स्कीवर वजन मागे गेलं की पुढची टोकं हलकी होतात, वळवायला पकड उरत नाही आणि स्की सरळ उताराने सुटते. आणि नेमकं याच बसक्या, मागे कललेल्या स्थितीत पडताना एसीएल जायची भीती जास्त असते. उपाय एकच, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली ठेवायची. नडगीला जीभ लागतेय का, एवढंच मनात विचारत राहा. लागत असेल तर तुम्ही योग्य जागी उभ्या आहात. आणि तोल मागे गेलाच तर हट्टाने सावरत बसू नका, कडेला पडून घ्या. पडल्यावर थांबेपर्यंत उठायची घाई करू नका.

तुमच्याच वयाच्या एक बाई दोन वर्षांपूर्वी आल्या होत्या. मी फक्त मुलांसाठी आलेय, म्हणाल्या. पहिला अर्धा तास मी त्यांना घसरायलाच दिलं नाही. सपाटीवर एकाच पायात स्की घालून चालणं, मग दोन्ही घालून कडेकडेने पायऱ्या चढल्यासारखं वर जाणं, मुद्दाम कडेवर पडणं आणि उठणं. आपलं आपल्याला उठता येतं हे कळल्यावर त्यांचे खांदे खाली आले. मग पिझ्झा, मग थांबणं, मग पुन्हा थांबणं. हवं तिथे थांबता येणं हाच पहिल्या दिवसाचा धडा मी धरतो, वळणं आपोआप मागून येतात. त्या बाई मार्चमध्ये निळ्या उतारावर होत्या.

म्हणून पहिले दोन धडे प्रशिक्षकाकडूनच घ्या. मिस्टरांना आधी थोडं आलं तरी त्यांनी तुम्हाला शिकवू नये, आणि तुम्ही मुलांना शिकवू नये. घरच्या माणसाने उतारावर ओरडून दिलेली सूचना राग म्हणून ऐकू येते. मुलांचे गट वेगळे आणि तुमचे वेगळे असलेलेच बरे.

लहान टेकडीचा खरा धोका मला बर्फापेक्षा गर्दीचा वाटतो. अरुंद उतारावर शनिवारी दुपारी बोर्डवाले, शर्यतीची मुलं आणि नवखे सगळे एकत्र. नियम साधा आहे: पुढे असलेल्याचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने त्याला सांभाळायचं. निघताना वर बघायचं. वरून दिसणार नाही अशा उंचवट्याखाली थांबायचं नाही. मुलांना हे गाडीतच पाठ करून घ्या. हेल्मेट सगळ्यांना. पहिल्या दिवशी काठ्या नकोतच. पुढे घेतल्या तर पट्टा मनगटात अडकवू नका, पडताना काठी हातात राहिली की अंगठा मुरगळतो. उतारांचे रंगही समजून घ्या. हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा कठीण, पण हे त्या-त्या टेकडीच्या मानाने. आमचा काळा उतार कोलोरॅडोत निळा ठरेल. इथे काळा उतरला म्हणून मुलगा तिथे काळ्यावर निघाला तर थांबवा.

कपड्यांचं तुम्हाला दोन हिवाळ्यांत कळलंच असेल. अंगाला लागून सुती काही नको, बोटं वेगळी नसलेले हातमोजे मुलांना जास्त उबदार. पारा शून्य फॅरनहाइटखाली गेला तर मी लहान मुलांना बाहेर ठेवत नाही, आणि त्याच्या वरही दर अर्ध्या तासाने गालावर, नाकावर पांढरा डाग आलाय का बघतो. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पराठे न्या. भुकेलं मूल शिकत नाही.

पैशांचं म्हणाल तर मोठ्या रिसॉर्टमध्ये ऐनवेळी खिडकीवर काढलेलं एका दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या वर जातं, चौघांचं पाच दिवसांचं गणित तुम्हीच करा. इथे नवख्यांसाठी धडा, भाडं आणि खालच्या लिफ्टचं तिकीट मिळून एकच पॅकेज असतं. जानेवारी हा अमेरिकेत शिकणाऱ्यांचा महिना म्हणून साजरा होतो, तेव्हा सवलतीही असतात. दोन-तीनदा गेल्यावर आवडलं असं वाटलं, तर मुलांसाठी हंगामभराचं भाडं घ्या. त्यांचे पाय वाढतात, विकत घेऊ नका. पास नेहमी हंगामाआधी स्वस्त असतो. सेंट क्रॉई नदीकाठचं आफ्टन आल्प्स २०१२ साली ब्रेकनरिज चालवणाऱ्या व्हेल कंपनीने घेतलं, आणि तिच्या हंगामभराच्या एपिक पासवर आफ्टनही चालतं आणि ब्रेकनरिजही. त्यामुळे पुढच्या वर्षी कोलोरॅडोचा बेत असेल तर पासची चौकशी आत्ता नको, उन्हाळ्यात करा.

थोडक्यात माझा सल्ला असा: या वर्षी कोलोरॅडो नको. जानेवारी-फेब्रुवारीत आठ वेळा जवळच्या टेकडीवर जा, पहिल्या दोन वेळा धडे, पुढे सराव. मिस्टरांना पुढच्या मार्चचं वचन द्या. तेव्हा तुम्ही चौघं तिथल्या हिरव्या-निळ्या उतारांवर मैलभर सलग उतरू शकाल आणि त्या उंच डोंगराचे पैसे खरोखर वसूल होतील. तुमची मुलं लहान आहेत म्हणून मी आठ वेळांचं सांगतोय. ज्यांना हिवाळ्यात दोनच शनिवार मोकळे आहेत, त्यांना मी सलग पाच दिवसांची सहलच सुचवली असती.

शाळेची सहल जानेवारीच्या शेवटी आहे, म्हणजे मुलाला त्याआधी दोन संध्याकाळी मिळू शकतात. पहिल्या वेळेला त्याच्या बुटाचं माप आणि बाइंडिंगचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून घ्या आणि सहलीच्या दिवशी जॅकेटच्या खिशात ठेवून द्या. साठ-सत्तर मुलांच्या गर्दीत त्याला बूट देणाऱ्याला आधी ती चिठ्ठी दाखवायला सांगा. आणि मोज्याची एक सुकी जोडी जास्तीची.